आतल्या खोलीची कडी

प्रिय आई,

आपल्या खोलीत जास्तीचं माणूस कोण होतं?

उत्तर मला येत नाही, हे आधीच सांगून टाकते. किती दिवस झाले, डोक्यातून जातच नाहीये. काका म्हणावं तर खोली त्यांच्या नावावर. काकू म्हणावी तर शेगडी तिची, सगळे तिच्याच हातचं खाऊन मोठे झालो. दादा त्यांचा एकुलता एक. बाबा काकांचे सख्खे भाऊ. राहिलो आपण दोघी. लहानपणी तू मला तोंडी गणितं घालायचीस ना, पिशवीत एवढी लिंबं, त्यातली एवढी काढली तर उरली किती? तसं हे गणित मी मांडून मांडून दमले. माणसं लिंबांसारखी काढता येत नाहीत गं. आणि माझं अख्खं ऑफिस मात्र ती काढता येतात असं धरून चाललेलं आहे.

हे फोनवर सांगितलं असतं, पण आपल्या खोलीत फोन वाजला की त्याची सभाच होते. काकू स्पीकर लावायला लावणार, काका पलंगावरून "काय सरकार, आज काय हुकूम?" म्हणून ओरडणार, दादा मध्येच त्याच्या लग्नाचं काढणार आणि तू नुसतं "हो, बरं, जेवलीस का" एवढंच बोलणार. म्हणून पत्र. हे घेऊन तू जिन्याच्या वळणावर जाशील, टाकीच्या मागे, मला माहीत आहे. तिथे तुझी ती निळी बादली पालथी घातलेली असते. मला वाटायचं तू तिथे पाणी भरायला जातेस. पालथ्या बादलीत पाणी कसं भरतात, हे विचारायचं मला कधी सुचलं नाही.

नोकरीचं घर मिळाल्याचं कळवायला फोन केला होता तो दिवस आठवतो? काकांनी विचारलं, केवढं आहे. दादाने विचारलं, कितव्या मजल्यावर. बाबांनी विचारलं, ऑफिसपासून किती लांब. सगळ्यात शेवटी तू फोन घेतलास आणि आवाज अगदी खाली आणून विचारलंस, "आतल्या खोलीला दार आहे?" मी म्हटलं, आहे. "कडी आतून लागते का?" मी म्हटलं, लागते. काकूने फोन घेतला आणि म्हणाली, "अगं, तुझी आई हसतेय का रडतेय, आम्हाला काही कळेना बाई!"

मला कळलं होतं. लग्न होऊन आलीस तेव्हापासून तू एका पडद्यामागे राहिलीस. कपडे बदलताना पडद्याचं एक टोक दातात आणि दुसरं कोपराखाली धरायचीस. बाबांशी भांडायचं झालं तर दोघं कुजबुजत भांडायचात, आणि मधेच काका पलीकडून निकाल द्यायचे, "वहिनीचं बरोबर आहे रे." सगळे हसायचे, तूही हसायचीस. आता दादाचं लग्न ठरलं, आपला पडद्यामागचा कोपरा नव्या वहिनीसाठी कबूल झाला आणि तुम्ही दोघांनी पुढच्या आठवड्यात माझ्याकडे यायचं ठरलं. तू चाळीतल्या एकूण एक बाईला सांगून आली असशील, माझ्या मुलीच्या घरी आतून कडी लागते. ते मनात आलं की मला पुढचं लिहवत नाही. पण लिहायलाच हवं, कारण जे झालं त्याचा धक्का मी एकटीने पचवू शकत नाहीये.

आमच्या विभागाचं नाव 'घरगर्दी निवारण'. मी पहिल्या दिवशी दारावरची ती पाटी दोनदा वाचली होती. मला वाटलं, इथेच यायचं होतं मला. जिन्यातल्या दिव्याखाली बसून अभ्यास केला तो यासाठीच. मी पाहणी अधिकारी. घरोघरी जायचं, टेपने खोल्या मोजायच्या, राहणारी माणसं मोजायची आणि नियमापेक्षा जास्त भरली तर अहवाल द्यायचा. नियम असा की एका खोलीला दोन माणसं. दहा वर्षांखालचं मूल अर्धं धरायचं आणि वर्षाच्या आतलं बाळ धरायचंच नाही. मी साहेबांना म्हटलं, सर, हे चुकून छापलं असेल. ते म्हणाले, "मॅडम, छपाई अगदी बरोबर आहे." म्हणजे बघ, पहिलं वर्षभर मी आपल्या खोलीत नव्हतेच. मग रात्रभर रडून काकांची झोप कोण मोडायचं, ते त्यांनाच विचार. पुढे चौथीपर्यंत मी अर्धी होते. कोणती अर्धी, ते नियमात दिलेलं नाही.

तरीही मी म्हटलं, असू दे. मोजल्याशिवाय सरकारला कळणार कसं? इथे लोक माणसं लपवतात. पाहणीवाले येणार म्हटलं की अंथरुणं शेजारी जातात, म्हातारी माणसं बाजारात जातात आणि दार उघडणारी बाई म्हणते, आम्ही तिघंच. दांडीवर कपडे मात्र आठ जणांचे. मी प्रत्येक घरी हात जोडून सांगायचे, लपवू नका, दाखवा. तुमची गर्दी दिसली तर सरकार काही करेल, नाही दिसली तर कुणासाठी करेल? लोक माझ्याकडे बघायचे आणि पाणी विचारायचे. विश्वास एकानेच ठेवला.

तो रफूवाला आहे. औषधांच्या दुकानाच्या वर, लाकडी जिन्याने गेलं की त्याच्या दोन खोल्या. दोन म्हणायच्या, एवढंच. पुढच्यात त्याचं टेबल आणि गिऱ्हाइकांचे कोट, मागच्यात शेगडी. राहणारी माणसं म्हणजे तो, त्याची बायको, शाळेत जाणारी मोठी मुलगी, दोन लहान मुलं, त्याची म्हातारी आई आणि नवरा गेल्यावर तान्हं बाळ घेऊन परत आलेली बहीण. सगळे तिला आत्या म्हणतात म्हणून मीही आत्याच म्हणते, आहे माझ्याच वयाची. त्याच्या शर्टाच्या कॉलरला कायम एक सुई टोचलेली असते. मी माझं ते हात जोडून करायचं भाषण केलं. त्याने ते मान तिरकी करून ऐकलं आणि म्हणाला, "दिवसा बघून तुम्हाला काय कळणार, मॅडम? गर्दी तर निजताना होते." मग त्याने काय केलं असेल? भर सकाळी, अकरा वाजता, सगळ्यांना अंथरुणं घालायला लावली आणि म्हणाला, "चला, सगळे आपापल्या जागी."

आई, ते सगळे खरंच झोपले. मला दाखवायला. टेबलावर तो आणि धाकटा, टेबलाखाली मोठी मुलगी, तिच्या पायाशी मधला. आतल्या खोलीत त्याची बायको शेगडीकडे पाय करून, मग आत्या, मग बाळ, मग आजी भिंतीला चिकटून कुशीवर. आजींना पाठीवर झोपायला जागाच नाही. मुलांना हसू आवरेना. आजी डोळे मिटूनच ओरडल्या, "हलू नका रे, सरकार बघतंय!" मी हातात टेप घेऊन उभी होते. एका माणसावरून दुसरीकडे पाय टाकायला जागा नव्हती, म्हणून उंबऱ्यावरच उभी राहिले. मला वाटलं, एवढं सगळं उघड करून दाखवणाऱ्या माणसाला सरकार आता नाही म्हणूच शकत नाही. मी अहवालात एक शब्द सोडला नाही.

नियमाने ते सहा भरले. दोन खोल्यांत चार चालतात. पंधरवड्याने सुनावणी लागली. साहेबांच्या खोलीत सगळे धुतलेल्या कपड्यांत आले होते. साहेबांनी विचारलं, कुटुंबप्रमुख कोण, आणि मग, दोन माणसं जास्त आहेत, ती कोणती, नावं सांगा. आता पुढचं नीट वाच. त्यांना वाटलं, ज्यांची नावं देऊ त्यांना वेगळी जागा मिळणार. मलाही तसंच वाटलं होतं. दुसरं वाटणार तरी काय? रफूवाल्याची बायको लगेच म्हणाली, "आत्यांना लिहा आधी. बाळ लहान आहे, त्यांना पहिला मान." आत्या म्हणाली, "नको, वहिनी, तुमची मुलगी मोठी झाली, तुम्हीच घ्या." रफूवाला म्हणाला, "साहेब, माझ्या आईला लिहा, तिने जन्मात पाय पसरले नाहीत." त्यावर आजी पुढे सरकल्या आणि साहेबांना समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "मला आणि हिला लिहा. माझं सामान थोडं आहे. मला लहान खोली चालेल." कारकुनाने लिहून घेतलं. साहेब खाली बघून पेनाचं टोपण लावत होते, काढत होते. निघताना सगळ्यांनी त्यांचे आभार मानले. आजींनी माझ्या गालावरून हात फिरवला.

पुढच्या महिन्याच्या बैठकीत साहेबांनी माझं नाव घेऊन सांगितलं, नव्या मॅडमचं पहिलं प्रकरण निकाली निघालं, दोन खोल्यांतली गर्दी दूर झाली. टाळ्या वाजल्या. मी आनंदाने विचारलं, "कुठे मिळाली जागा, सर?" ते म्हणाले, "कोणाला?"

त्यांना खरंच कळलं नव्हतं मी कोणाबद्दल विचारतेय. मी म्हटलं, आजींना, आत्याला. ते म्हणाले, "नोटीस घरमालकाला, त्या खालच्या औषधवाल्याला गेली. दंड नको म्हणून त्याने मुदतीत दोघींना बाहेर काढलं. गर्दी संपली." मी विचारलं, मग त्या गेल्या कुठे? "ते आपल्याकडे येत नाही." मग आपल्याकडे काय येतं, सर? सरकारची जबाबदारी काय? ते माणूस म्हणून वाईट नाहीत, मला डब्यातलं देतात, माझ्यावर कधी आवाज चढवला नाही. ते अगदी शांतपणे म्हणाले, "मोजायची." बाळाचं विचारलं, तर कारकून म्हणाला, बाळ मोजलेलंच नव्हतं, त्यामुळे त्याला काढायचा प्रश्नच आला नाही. ते आपलं आईबरोबर गेलं.

मी तशीच उठून रफूवाल्याकडे गेले. त्याने मान वर केली नाही. एका कोटाच्या बाहीत सुई घालत राहिला. बायको म्हणाली, त्या दवाखान्यात आहेत. मी विचारलं, आजारी पडल्या? ती म्हणाली, "आजारी नाहीत. तिथे बसायला बाकं आहेत." आई, मोठ्या सरकारी दवाखान्यात बाहेरच्या रुग्णांना नंबराची चिठ्ठी मिळते. आजी सकाळी रांगेत उभ्या राहून चिठ्ठी घ्यायच्या आणि बाकावर बसायच्या. चिठ्ठी हातात असली की कुणी उठवत नाही. त्यांचा नंबर पुकारला की त्या ऐकू न आल्यासारखं करायच्या, तो गेला की उठून पुन्हा रांगेत. मी गेले तेव्हा आत्या बाळाला पाजत भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिच्यासमोर दोन अनोळखी बायका ओळख नसताना आडोसा धरून उभ्या होत्या. आजींनी मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. म्हणाल्या, "आलीस? झाली का खोली तयार?"

त्या म्हातारीला वाटत होतं की खोली तयार होतेय, रंग वाळतोय, आणि तोवर सरकारने तिला इथे बसवलंय. रागावल्या असत्या तर मी सहन केलं असतं. त्या मलाच चिठ्ठी दाखवून म्हणाल्या, अजून बराच वेळ आहे, बस.

आणि त्या बाकावर मला तू आठवलीस. मी लहान असताना अधूनमधून तू मला अचानक फिरायला न्यायचीस. कामाचा दिवस असो, शाळा असो, वेणी अर्धी राहिलेली असो. बाजाराच्या टोकाला घड्याळाखालच्या कट्ट्यावर आपण बसायचो. तू मला फुटाणे द्यायचीस, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चपलांवरून त्यांचे धंदे ओळखायचा खेळ खेळायचो, आणि मग कोपऱ्यावर दादा दिसला, त्याने हात हलवला की घरी. माझ्या लहानपणातली ती सगळ्यात सुंदर दुपार असायची. आई, दादा हात का हलवायचा? मोजणीवाले निघून गेले हे सांगायला, हो ना? आपण दोघी दरवेळी लपायला निघायचो. काका नाहीत, काकू नाही, दादा नाही, बाबाही नाहीत. दोघीच. हे कुणी ठरवलं होतं? कुणी तुला तसं म्हणालं होतं का, की कुणी म्हणायच्या आत तूच माझा हात धरून उठायचीस? मला वाटतं तूच उठायचीस. आजींसारखीच. माझं सामान थोडं आहे.

माझा राग काकांवर नाही, खरंच नाही. काकांनी आपल्याला एक दिवस परकं मानलं नाही. पण एवढ्या वर्षांत बाहेरून कुणीतरी येऊन विचारायला हवं होतं, बाई, तुम्ही या कट्ट्यावर का बसलात? ते विचारणं ज्याचं काम होतं तो आपल्याच खोलीत टेप लावत उभा होता आणि आपण त्याच्यापासून लपून फुटाणे खात होतो. तो घरी जाऊन म्हणाला असेल, सगळं ठीक आहे. आता तो म्हणजे मी आहे. मला या गोष्टीची इतकी लाज वाटते की ऑफिसचं ओळखपत्र मी हल्ली पदराआड, नाही, खिशात ठेवते. बघ, चिडले की तुझ्यासारखं बोलायला लागते.

आजी, आत्या आणि बाळाला मी दवाखान्यातून घरी घेऊन आले. विचार केला नाही. आतली खोली त्यांना दिली, ती तुझी. आजींनी दार लावून घेतलं, कडी घातली, मग काढली. पुन्हा घातली. मग बराच वेळ आतून काहीच आवाज येईना. मला काळजी वाटली, दार वाजवलं. आजी म्हणाल्या, "काही नाही गं, बसलोय नुसत्या." तेव्हा मी बाहेर उभी राहून रडले, कारण ते वाक्य मी तुझ्या तोंडून ऐकायचं ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं. म्हटलं वाटेल ती शिक्षा करा. ते हसले, "शिक्षा कसली? सरकारी घरात सोबत कोण राहतं याची नोंद करायची असते, ती करा." मग चहाचा कप पुढे करत म्हणाले, "तुमचं एक चुकतंच, मॅडम. तुम्ही सरकारला विचारता की माणसं कुठे जातील. ते मालकाला विचारायचं असतं. सरकार मालक आहे का त्या औषधवाल्याच्या घराचं? सरकारी घर असतं तर गोष्ट वेगळी. तिथे गर्दी निघाली तर आधी दुसरी जागा द्यावी लागते, मग हलवता येतं. नियमच आहे." ते गमतीने बोलले. कप खाली ठेवून मी तो नियम काढून वाचला. तसंच आहे. पूर्वी कधीतरी सरकारी नोकरांना रातोरात घराबाहेर काढलं म्हणून आरडाओरड झाली होती, तेव्हापासूनचं कलम. आजवर कुणी वापरलेलं नाही, कारण सरकारी घरात गर्दी आहे असं कुठला सरकारी नोकर लिहून देईल? घर गमावायची भीती कुणाला नाही?

संध्याकाळी घरी आले तर माझ्याच दारावरची पत्र्याची पट्टी नव्याने दिसली. 'शासकीय मालमत्ता.' रोज तिच्याखालून जात होते.

काल मी माझ्या घराची पाहणी केली. हसू नकोस. नियम आहे की आधी दार वाजवायचं आणि आपण कोण ते सांगायचं. मी बाहेर जाऊन दार वाजवलं. आत्याने उघडलं, मी ओळखपत्र दाखवलं, तिने "या, मॅडम" म्हटलं आणि दोघींना हसू फुटलं. टेपचं एक टोक आजींनी धरलं, दोन्ही खोल्या मोजल्या. पण मग मी माणसं मोजली. मी, आजी, आत्या. तिघी. बाळ शून्य. दोन खोल्यांत चार चालतात. म्हणजे कायद्याने माझ्या घरात गर्दीच नव्हती, उलट एकाची जागा शिल्लक होती. सरकार म्हणालं असतं, झालं की मग, राहा आनंदाने. आणि आजींच्या नावावर खोली कधीच निघाली नसती, रफूवाल्याच्या टेबलाखाली ती मुलगी तशीच झोपत राहिली असती आणि मी एक दयाळू बाई ठरले असते. मला दयाळू ठरायचं नाहीये, आई. दया करायला शेजारीपाजारी असतात, सरकार त्यासाठी नसतं. एकेका पाहणीवालीने दोघादोघांना आपल्या घरी नेऊन हे संपणार आहे का?

म्हणून हे पत्र. तुला न विचारता मी एक गोष्ट करून बसले आहे. सोबत राहणाऱ्यांच्या नोंदीत मी तुझं आणि बाबांचं नाव घातलं. नोंदणीचा बाबू म्हणाला, ते आल्यावर लिहा. मी म्हटलं, त्यांचा तिकडचा कोपरा दिलेला आहे, ते निघाल्यातच जमा आहेत. त्याने लिहिलं. आता आम्ही पाच भरतो, आणि पाच म्हणजे गर्दी. तुम्ही आला नाहीत तर मी खोटी ठरेन आणि नोकरी कायम व्हायच्या आत जाईल. आलात तरी जाऊ शकते. आणि आलीस तर तुला ती खोली मिळणार नाही, बाहेरच्या खोलीत माझ्या शेजारी झोपावं लागेल. पडदा लावू, पण तो पडदाच. आयुष्यभर लपल्यावर या वेळी तुला मोजून घ्यायला बोलावतेय, तेही जास्तीच्या माणसांत. पाहणीवाले येतील तेव्हा मी तुला फिरायला नेणार नाही. आपण दोघी दारात उभ्या राहू. बाबांना हे तू तुझ्या पद्धतीने सांग. येताना जाड गादी आणू नकोस, घडी होते ती पातळ आण. अहवाल आज सकाळी मी आवक खिडकीवर देऊन शिक्का घेतला, घरमालक म्हणून सरकारचं नाव घातलं आणि पाहणी अधिकारी म्हणून माझी सही केली. साहेबांनी तो दोनदा वाचला आणि पहिल्यांदाच मला मॅडम न म्हणता "अगं पोरी" म्हणाले. शेवटी एक चौकोन असतो, त्यात जास्तीच्या व्यक्तींची नावं लिहायची. तो रिकामा ठेवता येत नाही. तुला वर विचारला तोच प्रश्न मला पडला. मग मी त्यात लिहिलं, 'कोणीही नाही. खोल्या कमी आहेत.'

तुझीच,
सरकार